खांद्याच्या ऑपरेशनची पिशवी

आत्याबाई, माझा उजवा खांदा गेला. तुमचाही उजवाच गेलेला, सासूचा तसाच सुनेचा. तुम्ही मिठागराच्या बांधावरून टोपलीसकट घसरलात, मी बसमध्ये उभ्या उभ्या. बाळकुमहून ठाण्याला निघालेली बस, वरचा दांडा धरलेला, ड्रायव्हरने ब्रेक मारला, मी पुढे गेले आणि हात मागे दांड्यालाच राहिला. आतमध्ये जुनं लुगडं टरकावं तसं काहीतरी टरकलं, मला ऐकूसुद्धा आलं. शेजारच्या बाईने विचारलं, लागलं का आजी. म्हटलं, नाही, नाचतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तोंड शाबूत आहे म्हणजे बाई जगेल. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून घरी बसलेली, तेव्हा या कागदाचं तुम्ही काही करू शकत नाही आणि मीही फारसं काही करू शकत नाही. पण डॉक्टर म्हणाले बोटांना काम द्या, आणि भाकरी थापायला अजून बंदी आहे, म्हणून लिहितेय. शिवाय लुळ्या खांद्याचं दुखणं सांगायचं तर तुमच्याशिवाय सांगू कोणाला. बाकीची माणसं नुसती अरेरे म्हणतात.

सुरुवातीला मी कोणाला कळू दिलं नाही. परात डाव्या हाताने उचलली, कपडे डाव्या हाताने दोरीवर टाकले. बुचडा बांधायला हात डोक्यापर्यंत जाईना, तर मी डोकं हातापर्यंत नेलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कपाळ टेकवायचं, वाकून केस गोळा करायचे आणि कशीबशी पिन खोचायची. एक दिवस अशीच वाकलेली असताना सून पाणी प्यायला आत आली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. डोंबिवलीची आहे, शिकलेल्या घरातली. बाप बँकेत होता, आई शाळेत शिकवायची. ही ठाण्याला ऑफिसात जाते, सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. तिने विचारलं, किती दिवस चाललंय हे. मी म्हटलं, कपाळाला गार वाटतं. ती पुढे एक शब्द बोलली नाही, फोन काढला आणि डॉक्टरची वेळ घेतली. आमचं असंच चालतं. भांडण म्हणाल तर नाही. भांडण असतं तर बरं होतं, भांडणात माणसं एकमेकांशी बोलतात तरी. मी टोचून बोलते, ती गप्प राहते, आणि तिचं गप्प राहणं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं हे तिला पक्कं माहीत आहे.

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, खांद्याची दोरी हाडापासून सुटलीय. आता शिवली तर हात वर जाईल. आणखी काही महिने घालवले तर दोरी आखडेल, मग शिवायला उरणार नाही, हात छातीच्या वर कधीच जाणार नाही. दुर्बिणीने करू म्हणाला, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. मला ते पटेना. बैलाची वेसण टोचायची तरी अर्धा दिवस जातो, आणि हा माणसाचा खांदा शिवून संध्याकाळी घरी पाठवणार. पण आत्याबाई, खरं सांगते, मला सुरीची भीती नव्हती. मरणाचीही नाही, या वयात त्याला भ्यायचं म्हणजे नाटक. मला एकाच गोष्टीची भीती होती, हात गेला तर मला सुनेकडे पाठ करून बसावं लागेल. रोज. मरेपर्यंत. जशा तुम्ही बसायचात.

आपल्या जुन्या घराचा मागचा ओटा. जेवणं उरकलीत, भांडी घासून पालथी पडलीत. तुम्ही पाटावर बसलाय, माझ्याकडे पाठ, पदर मांडीत. आंबिवलीच्या वैद्याने तुमचा हात ओढून, कामट्या बांधून, तुमच्या माहेरच्यांकडून कोंबडी घेऊन परत पाठवलाय, आणि तो हात आता तुमच्या अंगाला नुसता लागून आहे. मी फणी घालते. तुम्ही म्हणता, "हलू गो, डोकी हाय माजी. नारल सोलतेस का?"  चोळी घालताना पहिल्याच दिवशी मी चांगला हात आधी घातला आणि तुम्ही असं किंचाळलात की शेजारची धावत आली. "आधी दुखरा हात, मंग बरा. काडताना आधी बरा. सांगून ठेवते, परत सांगनार नाय." परत सांगायची पाळी मी आणली नाही. पण पाठीमागे बसून विंचरणारी बाई मनात काय काय म्हणते ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते मी म्हणायचे. तुमच्या मानेवरची घडी, तुमच्या कानामागचा मळ, तुमचं एकेक बोलणं, सगळ्यावर मी तिथे बसून मनात भाष्य केलंय. आता माझ्या मानेवर तसं भाष्य होणार, आणि करणारी शिकलेली. ती माझ्यापेक्षा चांगलं करणार.

म्हणून मी ऑपरेशनला हो म्हटलं. हो म्हटल्यावर सुरू झाली पिशवी. हॉस्पिटलातल्या एका मुलीचा फोन आला, सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मुलगी पाठ केल्यासारखं बोलत होती. सगळे रिपोर्ट आणि फोटो आणा, आधार कार्ड आणा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा. पुढून बटणं असलेला सैल शर्ट आणा. पट्टा बांधावा लागणार नाही अशा चपला. गाडीतून घरी येताना हाताखाली घ्यायला उशी. दागिने नकोत, बांगड्या नकोत, तेल नको, पावडर नको, खांद्याला काही लावायचं नाही. मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. आणि घरचं मोठं माणूस सोबत हवं, ते असल्याशिवाय आम्ही घेत नाही. सून म्हणाली, मी आहे, मी रजा टाकलीय. मला न विचारता टाकलेली.

मी माझ्या पद्धतीने पिशवी भरली. आपण दवाखान्यात जायचो तेव्हा काय न्यायचो, आठवा. तांब्या-पेला, सतरंजी, एक पातळ, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, गावदेवीचा अंगारा पुडीत. सुनेने आठ दिवस आधीच बेडवर पिशवी मांडली, साडीच्या दुकानाची, जाड कापडाची. ती ऑफिसला गेली की मी तिच्यातला शर्ट काढायची आणि पातळ ठेवायची. ती आली की पातळ कपाटात आणि शर्ट पिशवीत. ना ती काही बोलायची, ना मी. सतरंजी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. अंगारा मात्र तिने काढला नाही, रिपोर्टच्या पाकिटात नीट सरकवून ठेवला, तेव्हा माझं मन थोडं हललं होतं, नाही कशाला म्हणू. शर्ट तिने नवा आणलेला, पुरुषी, निळा, माझ्यासारख्या दोन बाया मावतील एवढा. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, मी हे घालून लिफ्टमधून वर येणार नाही, खाली वॉचमन बसलेला असतो, सगळी सोसायटी असते, जिथे हे टॉवर उभे आहेत तिथे मी नऊवारी खोचून भात लावलाय.

ती पिशवीची चेन लावत होती. तशीच थांबली आणि म्हणाली, "ठीक आहे आई, पातळ घेऊ. एका हाताने निऱ्या कोण घालणार?"

उत्तर दोघींना माहीत होतं. शर्ट पिशवीत राहिला.

आता जे सांगते त्यावर हसू नका. आदल्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. सून ऑफिसात, मुलगा कामावर. पिशवी दाराजवळ तयार. मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते आणि खांदा ठणकत होता. तुमची सहाण मी या घरातही आणलीय, सून तिच्यावर कुंडी ठेवते. कुंडी उतरवली, डाव्या हाताने आंबेहळद उगाळली, रक्ताबोळ उगाळला, पळीत गरम केला आणि खांद्यावर जाड थापला. तुम्ही पडलात तेव्हा मी तुम्हाला लावायची तसाच. त्या मुलीने तेल नको म्हटलेलं, पावडर नको म्हटलेलं, काही लावू नका असंही म्हटलेलं, ते मी ऐकलं होतं. पण लेपाला आपण लावणं थोडंच म्हणतो, ते तर औषध. उद्या कापणार तर आज सूज उतरलेली बरी. आणि आतल्या आत, आत्याबाई, असंही होतं की सकाळी उठेन आणि हात सरळ वर जाईल आणि ती पिशवी तशीच उचलून कपाटात टाकता येईल. जरा जास्तच गरम झालेला. चटका बसला, पण गुण यायचा तर बसणारच म्हणून सोसला. वर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला. हॉस्पिटलने लाल औषधी साबण दिलेला, रात्री आणि सकाळी अंघोळीला, खांदा नीट धुवायला. मी पाय धुतले, पोट धुतलं, डावी बाजू धुतली. सुनेने बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, खांद्याला लावलात ना साबण. म्हटलं, हो, घासघासून.

सकाळी मुलाने गाडीने सोडलं आणि गाडी लावायला गेला. आत एक सिस्टर, माझ्या हातावर नाव लिहिलेला पट्टा, हिरवा झगा पाठीमागे नाड्यांचा. सून पिशवी मांडीवर घेऊन पडद्याशी बसलेली. सिस्टरने माझा ब्लाउज उतरवला आणि थांबली. लेप वाळून भेगाळलेला, मिठागर उन्हात सुकतं तसा, कडेने पिवळा, मध्ये काळा. तिने विचारलं, हे काय आहे. मी छताकडे पाहिलं. ती बाहेर गेली आणि डॉक्टरला घेऊन आली. त्याने बोटाने एक पापुद्रा उचलला, खाली कातडी लाल. त्याचा चेहरा बदलला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तो शांतपणे म्हणाला, हे सगळं धुवा. खाली फोड असतील किंवा कातडी उघडी असेल तर आज करता येणार नाही, जंतू सरळ सांध्यात जातील. आणि आज नाही झालं तर पुढची तारीख कधी ते मी आत्ता सांगू शकत नाही. दोरी आधीच आखडायला लागलीय. एवढं बोलून गेला. ती सिस्टर मग सुरू झाली, आजी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना, ऐकलं नाहीत का, लहान आहात का.

सून उठली. म्हणाली, "त्यांना बोलू नका. फोन मी घेतला होता, मी सांगायला विसरले."

आत्याबाई, माझं तोंड तुम्ही ओळखता. ते उघडलंच नाही.

बाजूला एक छोटं बाथरूम होतं, प्लास्टिकचं स्टूल, नळाला गरम पाणी. सुनेने आत नेऊन कडी लावली, आणि मग तिचा आवाज निघाला. मोठा नाही, दातांतून. आठ दिवस मी पिशवी भरतेय, म्हणाली. महिनाभराची रजा मागताना साहेबाचं काय काय ऐकून घेतलंय ते मी घरी बोलले नाही. "तुम्हाला हात नको असेल तर सरळ सांगा. मी आत्ता बाहेर जाऊन सांगते, घरी जाऊ." माझ्या अंगावर अर्धा झगा, खांद्यावर तो पिवळा चिखल, पाठ तिच्याकडे. ज्याला मी आयुष्यभर भ्यायले तेच, तिथे, त्या स्टुलावर. आणि ती उत्तराची वाट बघत होती, तिने पाणीसुद्धा सोडलं नव्हतं.

मी भिंतीकडे बघून म्हटलं, "हात हवा म्हणूनच लावलं. तुझ्यापुढे अशी बसायला लागू नये म्हणून."

 मला वाटलं आता कडी वाजेल. मग तिने नळ सोडला. "बसावं तर लागणारच आहे," ती म्हणाली. "निदान सहा आठवडे. मान खाली घाला."

तिने ओला कपडा खांद्यावर नुसता ठेवला आणि लेप भिजू दिला, घासला नाही. भिजेल तेवढा आपोआप सुटत होता, पिवळं पाणी माझ्या पाठीवरून, झग्यावरून, तिच्या पायांवरून जाळीकडे चाललेलं. मी डोळे मिटून धरले. एकेक पापुद्रा निघत होता आणि दर पापुद्र्याला मला वाटत होतं, आता फोड निघणार, आता ती सांगणार. बाहेरून सिस्टरने दार वाजवलं, वेळ चाललाय म्हणाली. सून म्हणाली, येतोय.  शेवटी तिने टॉवेलने टिपलं आणि बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, काय ते बोल. ती म्हणाली, पिवळं आहे, लाल आहे, पण फोड नाही, मला दिसत नाही. तुला दिसत नाही की फोड नाहीच, मी विचारलं. म्हणाली, मी काय डॉक्टर आहे का आई.

डॉक्टरने भिंग घेऊन बघितलं.  चालेल, म्हणाला. भाजलंय ते वरच्या वर, आणि आमची दुर्बीण घालायची जागा त्याच्या खाली आहे. नशीब.

मानेत भुलीची सुई टोचली आणि हात मेला. नंतरचं मला काही आठवत नाही. संध्याकाळी निळा शर्ट घालून लिफ्टमधून वर आले. हाताला झोळी, झोळीखाली उशी. वॉचमन उठून उभा राहिला, बरं आहे का आजी म्हणाला, बाकी कोणी बघितलंही नाही. शर्ट घालताना सुनेने आधी दुखरा हात घातला होता. तिला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. हॉस्पिटलात सांगितलं असेल.

त्यानंतर रोज मी बसले. खुर्चीवर, बाल्कनीच्या दाराशी, तिच्याकडे पाठ करून. पहिले चार दिवस मी दात आवळून बसायची आणि तिची फणी कुठे थांबते त्यावर लक्ष ठेवायची, आता मानेवर बोलतेय मनात, आता कानामागे. मग एके दिवशी ती विंचरता विंचरता आपणहून बोलायला लागली. साहेबाचं. डोंबिवलीला तिच्या आईला हल्ली विसरायला होतं, गॅस चालू राहतो, त्याचं. समोर तोंड असतं तर यातलं काही तिने मला सांगितलं नसतं. मी मध्ये दोनदा टोचून बोलले, सवयीने. ती हसली. रजा संपली, ऑफिस सुरू झालं, तरी घरी आल्यावर पर्स ठेवते, हात धुते आणि फणी घेऊन येते. चहा नंतर.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. हे मी तुमच्या हयातीत कधी बोलले नाही, आणि आज बोलतेय तेही कागदावर. तुम्ही जायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मागच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले, मी विहिरीवरून येत होते, तुम्हाला चाहूल नव्हती. कावळा आला. तुम्ही त्याला हाकलायला हात वर केलात. उजवा. सरळ, डोक्याच्या वर, आणि हाड म्हणालात. मी हंडा घेऊन माडाआड उभी राहिले. तुम्ही हात खाली घेतलात, पदराखाली घातलात. दुपारी नेहमीसारख्या पाटावर येऊन बसलात आणि मीही नेहमीसारखी फणी घेतली. मला तेव्हा राग आला होता. ही म्हातारी मला राबवतेय म्हणून. तरी का बोलले नाही, ते मला कळलेलं नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यापर्यंत मी विंचरत होते. आत्याबाई, तो हात कधीपासून जात होता वर?

सांगू नका. तुम्ही सांगणारही नाही. आणि हा कागद मी कुठे पाठवणार नाही, घरात ठेवायचीही सोय नाही, कारण माझी सून वाचते. फाडून ओल्या कचऱ्यात टाकीन. त्याआधी एवढंच लिहिते, की परवा व्यायाम करताना माझा हात कानापर्यंत गेला, आणि काल त्याच्याही वर. आज दुपारी आरशासमोर उभी राहिले आणि दोन्ही हातांनी बुचडा बांधला, घट्ट, पहिल्यासारखा, ओट्याला कपाळ न लावता. लिहिताना तो डोक्यावर आहे. डॉक्टरला सांगितलंय. घरात सांगितलेलं नाही.

लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली. तिचीच चाल आहे. पिना काढून केस सोडून बसते.